मेंदूचा मुका मार : कंकशनोत्तर लक्षणांकडे पाहण्याच्या दृष्टीचा इतिहास (१८६६ ते २०२३)

प्रस्तावना

रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेले नाही, तरीही आतून ठणकत राहणाऱ्या इजेला मराठीत 'मुका मार' म्हणतात. हातापायाला बसलेला मुका मार निदान सुजतो, काळानिळा पडतो आणि त्यामुळे इतरांना पटतो. डोक्याला बसलेल्या मुक्या माराचे तसे नसते. अपघातात, खेळात किंवा पडझडीत डोके आपटते, काही क्षण भान हरपते किंवा नुसते गरगरते आणि थोड्या वेळाने मनुष्य उठून बसतो. या हादऱ्याला वैद्यकात कंकशन असे नाव आहे. बहुसंख्य रुग्ण काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होतात. काहींची डोकेदुखी, भोवळ, प्रकाश व आवाज यांचा त्रास, विसराळूपणा, चिडचिड, झोपमोड आणि विलक्षण थकवा मात्र महिनोन्महिने रेंगाळतो. क्ष-किरण छायाचित्रात काही आढळत नाही आणि सीटी स्कॅनही बहुधा निर्दोष असतो. अशा वेळी रुग्णाला दुखण्याइतकाच दुसराही एक त्रास सोसावा लागतो. आपण आजारी आहोत हे त्याला इतरांना पटवून द्यावे लागते.

डोक्याच्या उघड जखमेपासून मेंदूच्या हादऱ्याला वेगळे काढण्याचे श्रेय सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या अल-राझी या इराणी वैद्याकडे जाते. मात्र हादऱ्यानंतर रेंगाळणारी लक्षणे हा सार्वजनिक वादाचा विषय झाला तो एकोणिसाव्या शतकात. तेव्हापासून सुमारे दीडशे वर्षे हा वाद 'दुखणे शरीराचे की मनाचे, खरे की बनावट' याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. तो कोठे लढला गेला, रुग्णाला त्याची कोणती किंमत मोजावी लागली आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट कशी सापडली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रेल्वे, नुकसानभरपाई आणि अदृश्य इजा

१८५३ साली मुंबई-ठाणे मार्गावर पहिली आगगाडी धावली, तेव्हा ब्रिटनमध्ये रेल्वेला दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता. तेथे रेल्वेसोबत अपघात आले आणि अपघातांसोबत नुकसानभरपाईचे दावेही आले. दावा करणाऱ्यांत बाहेरून धडधाकट दिसणारे अनेक प्रवासी असत. अपघातानंतर ते पायी घरी जात आणि काही दिवसांनी त्यांना झोप लागेनाशी होई, स्मरणशक्ती दगा देई, कामात लक्ष लागत नसे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधील शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ साली या रुग्णांविषयीची सहा व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांचा भर पाठीच्या कण्याला बसणाऱ्या हादऱ्यावर होता आणि या विकाराला पुढे 'रेल्वे स्पाइन' हे नाव रूढ झाले. मात्र त्यांनी नोंदविलेली लक्षणे, म्हणजे डोक्यातील ठणका, गोंधळलेले विचार, चिडका स्वभाव, आवाजाची असह्यता आणि बिघडलेली झोप, आजच्या कंकशनच्या रुग्णालाही ओळखीची वाटतील. दिसेल अशी मोडतोड न होता शक्ती कशी नाहीशी होते, हे समजावण्यासाठी एरिक्सन यांनी लोहचुंबकाचा दृष्टान्त दिला होता. चुंबकावर हातोड्याचा जबर घाव घातला, तर त्याचा आकार तोच राहतो, पण चुंबकत्व जाते. मज्जासंस्थेचेही तसेच होत असावे, अशी त्यांची मांडणी होती.

एरिक्सन यांच्या ग्रंथाच्या आदल्याच वर्षी, ९ जून १८६५ रोजी, केंट परगण्यातील स्टेपलहर्स्ट येथे गाडीचे डबे पुलावरून कोसळून दहा प्रवासी मृत्युमुखी पडले. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स त्याच गाडीत होते. त्यांचा डबा पुलावरच अडकून राहिल्याने त्यांना मोठी इजा झाली नाही आणि त्यांनी तासन्‌तास जखमींची शुश्रूषा केली. पुढे मात्र रेल्वेप्रवासात त्यांना अकस्मात कापरे भरत असे. हे डोक्याच्या इजेचे उदाहरण म्हणता येणार नाही. मात्र भीतीचा धक्का आणि शरीराचा हादरा यांची लक्षणे एकमेकांत किती मिसळतात, याची कल्पना त्यावरून येते. पुढील सारा वाद या सरमिसळीतूनच उभा राहिला.

१८८३ साली हर्बर्ट पेज यांनी एरिक्सन यांना सविस्तर उत्तर दिले. पेज हे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते. दोनशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून त्यांनी असे प्रतिपादन केले की, यांतील पुष्कळांच्या दुखण्याचे मूळ मज्जारज्जूच्या इजेत नसून भयाच्या धक्क्यात आहे. पेज यांचे निरीक्षण सर्वस्वी चुकीचे होते असे नाही. भय हेदेखील आजाराचे खरेखुरे कारण असू शकते, हा त्यांचा मुद्दा पुढील काळात टिकला. न्यायालयात मात्र त्याचा उपयोग वेगळ्या प्रकारे होऊ लागला. 'मानसिक' म्हणजे 'खोटे' किंवा निदान 'भरपाईस अपात्र' असा अर्थ रूढ होत गेला आणि वैद्यकीय मतभेदाला पैशाची किनार लागली.

विमा, युद्ध आणि संशय

जर्मनीत १८८४ साली कामगार अपघात विम्याचा कायदा झाला. १८८९ साली बर्लिनचे मज्जाविकारतज्ज्ञ हर्मान ओपेनहाइम यांनी 'आघातजन्य न्यूरोसिस' ही संकल्पना मांडली. आघाताने मज्जासंस्थेत सूक्ष्म बदल होतात आणि लक्षणे त्यातून उद्भवतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या विरोधकांनी या दुखण्याला 'निवृत्तिवेतनाचा न्यूरोसिस' असे उपहासात्मक नाव दिले. विमा आहे म्हणून आजार आहे, असा त्या नावाचा रोख होता. १९१६ साली म्युनिक येथील परिषदेत ओपेनहाइम यांची बाजू पराभूत झाली. १९२६ साली जर्मनीच्या सर्वोच्च विमा प्राधिकरणाने अशा न्यूरोसिससाठी भरपाई देय नाही, असा निर्णय दिला. वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने तिजोरीच्या सोयीने दिले गेले.

पहिल्या महायुद्धात हाच पेच आघाडीवर पोहोचला. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळा जवळ फुटल्यानंतर दृष्टी, स्मृती किंवा झोप बिघडलेल्या सैनिकांचे वर्णन त्यात होते. फ्रेडरिक मॉट यांनी स्फोटाच्या दाबाने मेंदूत सूक्ष्म बदल होत असावेत, या शक्यतेचा पाठपुरावा केला. स्वतः मायर्स यांना मात्र बहुतेक रुग्णांत मानसिक कारणच प्रबळ आहे असे वाटू लागले आणि आपण रूढ केलेला शब्द त्यांनाच खटकू लागला.

सैन्याला अधिक सोपा निवाडा हवा होता. शत्रूच्या गोळ्याचा प्रत्यक्ष परिणाम ठरला तर सैनिक 'जखमी' आणि तसे न ठरल्यास 'आजारी', अशी वर्गवारी ब्रिटिश सैन्याने केली. गणवेशावरील जखमीची पट्टी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क हे दोन्ही या एका शेऱ्यावर अवलंबून असत. १९२२ साली लॉर्ड साउथबरो यांच्या समितीने 'शेल शॉक' हा शब्दच सोडून द्यावा, अशी शिफारस केली. पळपुटेपणा, भ्याडपणा आणि तत्सम आरोपांवरून ब्रिटनने त्या युद्धात ज्या सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यांपैकी ३०६ जणांना २००६ साली कायद्याने माफी देण्यात आली. त्यांच्यातील काही जण आजारी असावेत, हे मान्य व्हायला नव्वद वर्षे लागली.

प्रयोगशाळेचा पुरावा आणि न्यायालयाचा सिद्धान्त

१९३४ साली अमेरिकेत स्ट्रॉस आणि सॅविट्स्की यांनी 'पोस्टकंकशन सिंड्रोम' म्हणजे कंकशनोत्तर लक्षणसमूह हा शब्द प्रचारात आणला आणि या तक्रारींना शारीरिक पाया आहे, असा आग्रह धरला. त्यापूर्वी १९२८ साली न्यू जर्सीचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी वारंवार डोक्यावर ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराकडे लक्ष वेधले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्ड हे या अभ्यासाचे केंद्र बनले. तेथील सेंट ह्यूज कॉलेजच्या इमारतीत डोक्याच्या जखमांसाठी लष्करी रुग्णालय चालविले जात होते. १९४१ साली डेनी-ब्राउन आणि रसेल यांनी कंकशनवरील प्रायोगिक संशोधन प्रसिद्ध केले. डोके जागीच जखडलेले असण्यापेक्षा हलण्यास मोकळे असताना बसलेल्या धक्क्याने कंकशन सहज होते, हे त्यातून दिसून आले. १९४३ साली भौतिकशास्त्रज्ञ हॉलबर्न यांनी जिलेटिनच्या प्रतिकृतीवर प्रयोग केले. डोक्याला एकाएकी मिळणाऱ्या गोलाकार गतीमुळे मेंदूच्या मऊ ऊतीत ताण कसे निर्माण होतात, हे त्यांनी दाखविले. कवटी अभंग राहूनही आतल्या तंतूंना इजा होऊ शकते, ही गोष्ट आता गणिताने मांडता येऊ लागली. शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी याच काळात मोटारसायकलस्वारांच्या शिरस्त्राणाचा पुरस्कार केला. दुचाकींनी रस्ते भरलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

एवढे होऊनही १९६१ साली वादाचा लंबक पुन्हा दुसऱ्या टोकाला गेला. न्यूकॅसलचे मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री मिलर यांनी 'अपघाताचा न्यूरोसिस' या विषयावर दोन व्याख्याने दिली. भरपाईच्या दाव्यांसाठी तपासलेल्या, डोक्याला इजा झालेल्या २०० व्यक्तींचा अनुभव त्यांच्या हाताशी होता आणि ५० जणांचा त्यांनी पुढे पाठपुरावाही केला होता. इजा जितकी किरकोळ तितक्या तक्रारी अधिक आणि दावा निकाली निघाला की बहुतेकांच्या तक्रारीही संपतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. मिलर यांची शैली प्रभावी होती. त्यांचे मत न्यायालयांत आणि रुग्णालयांत दीर्घकाळ उद्धृत होत राहिले.

त्यांचे रुग्ण मात्र मुळातच दावा लढविणाऱ्यांतून आलेले होते. जे मुकाट्याने सोसत कामावर परतले, ते या मोजदादीत आलेच नाहीत. १९६२ साली चार्ल्स सिमंड्स यांनी मिलर यांच्या मताला छेद देणारा प्रश्न उपस्थित केला. कंकशन कितीही सौम्य असले, तरी त्याचे परिणाम पूर्णपणे पुसले जातात असे खात्रीने म्हणता येईल काय, असा तो प्रश्न होता. १९६८ साली ओपेनहाइमर यांनी सूक्ष्मदर्शकाखालील पुरावा मांडला. सौम्य कंकशननंतर अन्य कारणाने मरण पावलेल्या काही रुग्णांच्या मेंदूतही तंतूंच्या सूक्ष्म इजा आढळल्या होत्या. पुढे १९८२ साली ऑस्ट्रेलियातील मेंडेलसन यांनी, निकाल लागल्याने दुखणे बरे होते या समजुतीला पुरेसा आधार नाही, असे दाखवून दिले.

ऑकलंड, १९७४ : प्रश्नच बदलला

या कोंडीतून वाट काढण्याचे मोठे श्रेय न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या दोन संशोधकांना द्यावे लागेल. मानसशास्त्रज्ञ डोरोथी ग्रॉनवॉल आणि मेंदूशल्यचिकित्सक फिलिप राइटसन यांचा शोधनिबंध १९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वापरलेली चाचणी अगदी साधी होती. ध्वनिफितीवर ठरावीक गतीने एकेक अंक ऐकविला जातो आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक नवा अंक त्याच्या लगतच्या आधीच्या अंकात मिळवून उत्तर सांगावयाचे असते. बेरीज शाळकरी मुलालाही यावी इतकी सोपी. पण आधीचा अंक लक्षात ठेवणे, नवा ऐकणे, बेरीज करणे आणि उत्तर देणे ही कामे एकाच वेळी सांभाळावी लागतात. तक्रारी रेंगाळलेले रुग्ण येथे अडखळत. त्यांची बुद्धी शाबूत होती, पण माहिती हाताळण्याचा वेग मंदावला होता. लक्षणे ओसरत गेली तसे गुणही सुधारले.

या मोजमापाचा अर्थ रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा होता. 'वाचता येते, पण वाचलेले डोक्यात शिरत नाही. दोघे एकदम बोलले की काहीच कळत नाही' ही तक्रार आळशीपणाची सबब नव्हे, हे आकड्यांत मांडता आले. चाचणीतील गुण पाहून कामावर टप्प्याटप्प्याने परतण्याचे नियोजनही करता येऊ लागले. दुसऱ्या कंकशननंतर वेग सावरण्यास अधिक काळ लागतो, हे याच दोघांनी १९७५ साली दाखविले.

आणखी एक योगायोग येथे नोंदविणे आवश्यक आहे. न्यूझीलंडमध्ये १९७४ सालीच दोष कोणाचा हे न पाहता अपघातग्रस्ताला भरपाई देणारी योजना अमलात आली. भरपाईसाठी न्यायालयात भांडण्याचे कारणच उरले नाही. तरीही तेथील काही रुग्णांच्या तक्रारी महिनोन्महिने टिकून असल्याचे राइटसन आणि ग्रॉनवॉल यांना १९८१ साली आढळले. लक्षणे केवळ दाव्यापोटी निर्माण होतात, या मताला बसलेला हा मोठा धक्का होता.

याचा अर्थ मनाचा वाटा नाकारावा असा होत नाही. सिडनी येथील मिअर्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डोक्याला मार न लागता अन्य इजा झालेल्या रुग्णांतही सुरुवातीच्या दिवसांत अशाच तक्रारी जवळपास तितक्याच प्रमाणात दिसल्या. वेदना, अपुरी झोप, भीती आणि चिंता हीच लक्षणे निर्माण करू शकतात आणि वाढवूही शकतात. शरीर आणि मन यांतून एकाची निवड करण्याचा आग्रह हाच जुन्या वादाचा मूळ दोष होता, असे म्हणता येईल.

अंधाऱ्या खोलीतून बाहेर

खरे-खोटेपणाच्या वादात उपचाराचा प्रश्न बराच काळ मागे पडला होता. पूर्ण विश्रांती हा रूढ उपाय होता आणि त्याला पुराव्यापेक्षा परंपरेचाच आधार अधिक होता. फिनलंडमध्ये रेलँडर आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली एक नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला आजाराची नीट माहिती, धीर आणि लवकर हालचालीचे प्रोत्साहन देण्यात आले. पहिला गट सरासरी ३२ दिवसांनी कामावर परतला, तर दुसरा १८ दिवसांनी. मेलबर्न येथे पॉन्सफोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविले की, पहिल्या आठवड्यात माहितीपुस्तिका देऊन समजावून सांगितलेल्या रुग्णांना तीन महिन्यांनंतर तक्रारी कमी होत्या. काय होत आहे आणि ते बहुधा ओसरणार आहे, हे कळणे हादेखील उपचाराचाच भाग ठरला.

तरीही २००१ साली व्हिएन्ना येथे क्रीडाक्षेत्रातील कंकशनवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, त्यानंतरच्या काळात लक्षणे संपेपर्यंत विश्रांती हाच सल्ला प्रबळ राहिला. अनेक रुग्ण अंधाऱ्या खोलीत, वाचन व माणसे टाळून आठवडे काढू लागले. २०१५ साली थॉमस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील किशोरवयीन व तरुण रुग्णांवर चाचणी घेतली. पाच दिवसांची कडक विश्रांती घेतलेल्यांनी एक-दोन दिवस विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा अधिक लक्षणे नोंदविली. २०१९ साली लेडी आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन खेळाडूंमध्ये, लक्षणे न बळावतील इतपत चालणे किंवा सायकल यांसारखा व्यायाम लवकर सुरू केल्यास बरे होण्याचा काळ घटतो, असे दाखविले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे झालेल्या सहाव्या परिषदेचे निवेदन २०२३ साली प्रसिद्ध झाले. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे दैनंदिन हलकी कामे चालू ठेवून घेतलेली विश्रांती, या काळात पडद्यासमोरील वेळेवर मर्यादा आणि मग पायरीपायरीने हालचाल व अभ्यास, असा त्याचा आशय आहे. हालचालीने लक्षणे किंचित आणि थोड्या वेळापुरती वाढली, तरी घाबरण्याचे कारण नाही; ती बरीच वाढली तर एक पायरी मागे यावे. चार आठवड्यांहून अधिक काळ लक्षणे राहिल्यास मान, डोळ्यांची हालचाल, शरीराचा तोल, झोप व मनःस्थिती यांची स्वतंत्र तपासणी करून ज्याला जे हवे ते उपचार द्यावेत. शरीर की मन, हा जुना प्रश्न येथे उरलेला नाही. या दोहोंचाही विचार एकाच रुग्णासाठी होतो.

क्रिकेटने हा बदल सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचविला. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर चेंडू मानेवर आदळल्यानंतर स्टीव्ह स्मिथ तपासणी होऊन पुन्हा फलंदाजीला उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याची लक्षणे उघड झाली. त्याच महिन्यात लागू झालेल्या नियमानुसार त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. तपासणीत निर्दोष ठरलेला माणूस दुसऱ्या दिवशी आजारी असू शकतो, ही गोष्ट जगाने पाहिली आणि कोणीही त्याला ढोंगी म्हटले नाही.

समारोप

दीडशे वर्षांच्या या इतिहासात विज्ञान सरळ रेषेत पुढे गेले असे दिसत नाही. एरिक्सन, ओपेनहाइम आणि सिमंड्स यांनी मांडलेले मुद्दे पुनःपुन्हा झाकोळले गेले. जेथे भरपाई, निवृत्तिवेतन किंवा शिस्त पणाला लागली होती, तेथे दिसत नाही ते नाही, असे मानणे व्यवस्थेला सोयीचे होते. ऑकलंडच्या संशोधकांनी निवाडा करण्याऐवजी मोजमाप केले आणि हेलसिंकी व मेलबर्नच्या संशोधकांनी संशयाऐवजी माहिती दिली. प्रगती घडली ती तेथे.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी हा इतिहास दूरचा नाही. दुचाकीवरून पडलेला किंवा कबड्डीच्या मैदानावर डोके आपटलेला विद्यार्थी आठवड्याने वर्गात परततो. त्याच्या डोक्याला पट्टी नसते आणि हाती 'स्कॅन निर्दोष' असा कागद असतो. फळ्यावरील मजकूर उतरवून घेताना तो मागे पडतो, गोंगाटात कपाळ धरून बसतो, पाठ केलेले विसरतो. डोकेदुखी वाढत असेल, उलट्या किंवा ग्लानी असेल, तर त्याला तातडीने रुग्णालयात नेले पाहिजे. तसे नसेल, तर थोडा जादा वेळ, तासांमध्ये विसावा, निम्म्या दिवसाची उपस्थिती आणि पुढे ढकललेली एखादी चाचणी एवढ्या सवलतींनी बहुधा भागते. रेल्वे कंपन्यांनी, विमा प्राधिकरणांनी आणि सेनाधिकाऱ्यांनी जो प्रश्न आधी विचारला, तो वर्गात आधी विचारण्याचे कारण नाही. मुका मार बोलत नाही. म्हणून ज्याला तो लागला आहे त्याचे बोलणे ऐकून घेणे, हाच उपचाराचा पहिला टप्पा होय.